अळणी

ऑगस्टात कल्लोनीच्या आखातातली तारली
इतकी तुपाळ होते, की होडीतच तिला मिठात घालतात.
पहाटे मिठात, संध्याकाळी ताटात.
चूल नाही, तेल नाही, लिंबू तर नाहीच नाही.
"लिंबू मागतो तो परगावचा,"
पेलाग्या म्हणते, आणि देत नाही.
(मी मागितलं होतं, पहिल्या दिवशी.)

इग्नातिसने चव्वेचाळीस उन्हाळे
मिठाचा हिशेब सांभाळला.
किती माशांवर किती मूठ,
दक्षिणेचा वारा असला तर किती कमी.
लिहिलेलं कुठेच नाही. सगळं मुठीत.
वसंतात, शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी
त्याच हाताला पट्टा बांधला,
आकडा पाहिला,
आणि चार शब्दांत मीठ बंद केलं.

तेव्हापासून मिर्सिनीच्या घरी
वांगी अळणी, शेंगा अळणी,
चीज तीनदा पाण्यात भिजवलेलं.
त्या पाण्यालाच जास्त चव, असं तो म्हणतो,
पण हळू.

आज मात्र पेलाग्याने चार टेबलं जोडलीत,
शेवटच्याचे दोन पाय समुद्रात.
भोपळ्याची फुलं, पोटात चीज भरून तळलेली,
आणि टोमॅटोत कच्चीच टाकलेली घोळ.
हो, आपलीच घोळ,
बांधावरची, कुणी न पेरलेली.
इथे तिला काचेचं भांडं मिळतं.
उझो आधी झऱ्यासारखा नितळ,
पाणी पडलं की पेजेसारखा.
बडीशेपेचा वास नाकात चढतो
आणि समोरचा डोंगर जरा अलीकडे सरकतो.

मग तारली आली.
निळी पाठ, मिठाने ताठरलेली.
सोलायला इग्नातिसच लागतो.
मानेमागे अंगठा, एक ओढ,
कातडी मोज्यासारखी उतरते.
एक अर्गिरोला, एक तिच्या नवऱ्याला,
एक मला, एक पुन्हा मला.
त्याच्या स्वतःच्या ताटात काकडी.

यंदाचं मीठ ताक्सियार्हिसचं, मुलाचं.
तो उभाच. खुर्ची असून उभा.
कुणी म्हणालं, छान. कुणी म्हणालं, जरा...
आणि सगळ्या माना इग्नातिसकडे.
त्याने एक मासा उचलला,
हुंगला,
कण्यावर बोट दाबलं,
दिव्यासमोर धरून पाहिला.
"अर्धी मूठ जास्त," म्हणाला.

मुलाने ग्लास ठेवला. आवाज झाला.

मिर्सिनी उठली.
"कलिंगड कापते," म्हणाली,
आणि आत गेली.
कलिंगड कापायला एवढा वेळ लागत नाही.
आतून सुरीचा आवाजसुद्धा येईना.
पेलाग्याने चुन्याच्या भिंतीवरचा
एक नसलेला डाग पुसायला घेतला.
अर्गिरोने आम्हाला तारा दाखवला, तो विमान निघाला.
आम्ही सगळे, दहा माणसं,
त्या विमानाकडे
ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिलो.

कलिंगड आलं. जाड जाड फोडी,
काळ्या बियांसकट, हातभर लाल.
मिर्सिनीने ताट ठेवता ठेवता
पदराशी, म्हणजे एप्रनच्या टोकाशी,
नवऱ्याची मिशी टिपली, न बघता.
टेबलाखालच्या मांजरीला मात्र म्हणाली,
"चोरटी कुठली."

इग्नातिसने एक फोड संपवली, दुसरी घेतली.
बिया मोजून काठावर लावल्या.
मग मुलाकडे न वळता,
पाण्याला सांगावं तसं,
"चिमूट," म्हणाला.
"अर्धी मूठ नाही. चिमूटभरच जास्त."

ताक्सियार्हिस खुर्चीत बसला.
मिर्सिनीने ऐकलं नसेल.
ती पावाचा तुकडा मोडत होती
आणि हसू आवरायला
तिला तो फार लहान मोडावा लागत होता.