अकरावं तोंड

नोझलला आमच्या गाळ्यात सगळे तोंडच म्हणतात.
पहिलं तोंड, चौथं तोंड.
सातवं वितळलं, ते अब्रारने
फोनचा स्टँड म्हणून ठेवलंय टेबलावर.

मरोळ, दुसरा मजला, गाळा एकोणीस.
खाली बिस्किटांच्या पुड्यांची छपाई,
म्हणून आमच्या हवेला कायम शाईचा वास.
ड्रायर शिकंज्यात आवळलेला,
समोर तारांचा पिंजरा, नऊ टोकं, नऊ आकडे:
मध्ये अडतीस, कडेला एक्क्याण्णव,
डावीकडे वर कुठेतरी एकशे चार.
खोक्यावर छापतात सरासरी: सौम्य उष्णता.
सरासरीने कुणाचा कान भाजत नाही,
भाजतो तो त्या एकशे चारने.

पंखा हवेला पीळ देऊन सोडतो.
पिळासकट ती तारेवरून जाते, कडेकडेने,
मधे मोटरच्या बुडाची सावली.
हवेतही सावली पडते
हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.
तोंड अरुंद केलं की मागे दाब,
हवा कमी, ताप जास्त,
मग आतली दोन धातूंची पट्टी वाकते, टक्, गार.
सरळ होते, टक्, पुन्हा गरम.
आलेखावर करवतीचे दात.

चार महिने मी ते दात घासत बसले.
पाती घातली, पीळ गेला, आवाज आला.
जाळी घातली, आवाज गेला, धूळ अडकली.
कापडियाशेठ रोज विचारतात, तोंड कधी देताय?
त्यांना तोंड देणं हेही आता माझंच काम.

गावठाणात, क्रुसाच्या मागे, ग्लॅडिस किणीचं पार्लर:
दोन खुर्च्या, एक आरसा, लग्नांचा सीझन.
आठवं, नववं, दहावं तिनेच चालवून पाहिलं.
डाव्या हाताची दोन बोटं कायम मधे,
गिऱ्हाइकाची कातडी आणि माझी हवा यांच्या मधे.
एकतीस वर्षं.
त्या बोटांना आता चहाचा कप
गरम की गार, कळत नाही.
माझ्या पिंजऱ्यात नऊ टोकं. तिची दोन
कुठल्याच आलेखात नाहीत.

त्या शनिवारी नवरीच्या धाकट्या बहिणीला
दहावं तोंड लागलं, कानामागे.
पोरगी किंचाळली. ग्लॅडिसने ड्रायर जवळजवळ फेकलाच,
वाकली, ओठांचा चंबू केला आणि
फू
फू
फू
रडू नको गो बाय.
मग माझ्याकडे न बघता,
हे तोंड परत ने.

रस्त्यात मी तळहातावर करून पाहिलं.
तोंड उघडं ठेवून: हाऽ. ऊन.
चंबू करून: फू. गार.
तेच फुप्फुस, तोच श्वास, सदतीस अंश.
ओठ मिटत आले की तो वाटेत
आजूबाजूची हवा ओढून घेतो
आणि ताप वाटून टाकतो.
थर्मोडायनॅमिक्स दोनदा शिकलेली मी
मरोळच्या नाक्यावर हातावर फुंकत उभी.
भाजीवाल्याने विचारलं, चटका बसला का?
हो म्हटलं.

अकराव्या तोंडाला मागच्या अंगाने सहा चिरा आहेत,
तिरक्या, सव्वा सव्वा मिलिमीटर.
खोलीतली हवा तिथून आत ओढली जाते,
मिसळायला बोटभर नळी, मग बाहेर.
एकसष्ट, साठ, बासष्ट, साठ…
दात झिजून जवळपास रेघ.
जवळपास. संध्याकाळी सातला
अख्ख्या गल्लीतले एसी सुरू होतात,
विजेचा दाब पडतो, रेघ पाच अंशांनी झुकते.
त्यावर बसवायला तोंड नाही माझ्याकडे.

शेठ म्हणाले, चिरा दिसू नयेत,
लोक म्हणतील तुटका माल. वरून नक्षी काढा.

ग्लॅडिसने चालू केला. ऐकलं.
चिरांपाशी मनगट नेलं: आत ओढतंय गो.
मग ब्रश केसांत घातला
आणि डावी दोन बोटं सवयीने मधे.
काढ ना आता, म्हटलं. साठच आहे सगळीकडे.
असू दे, ती म्हणाली,
त्यांना ठाऊक नाय अजून.