बत्ती नंबर चार

भांडी बाजाराच्या मागे, उतारावर,
मुस्तन्सीरभाईंचं दुकान. पाटी अर्धी पुसलेली.
मी काउंटरवर गेलेली बत्ती ठेवली,
सुती रुमालात गुंडाळून आणलेली,
पोटात काळी पडलेली,
तार तुटून दोन्ही टोकं एकमेकांकडे बघणारी.
"हजार वॉट, दोन पिनांची. चार नग."

भाई हसले. "एलईडी न्या की.
वीज दहावा हिस्सा, उजेड तेवढाच,
दहा वर्षं शिडी चढायला नको."
खरंच होतं सगळं.
कमिटीनंही तेच लिहून दिलं होतं, सहीशिक्क्यासकट:
नऊ हजार सातशे, पावती आणणे.

त्यांनी दोन्ही लावून दाखवल्या.
एक पांढरी, तडक,
दवाखान्यातल्या पहाटेसारखी.
दुसरी सावकाश आली,
आधी लाल, मग गुळाच्या पाकासारखी, मग पूर्ण.
बटण दाबलं तशी पांढरी गेली जागच्या जागी.
पिवळी मात्र जाते-जाते म्हणत
उंबऱ्यात उभं राहून बोलणाऱ्या पाहुण्यासारखी रेंगाळली.

त्या अर्ध्या सेकंदावर मी सतरा वर्षं जगलो.
काळोख होतो, आणि टाळीच्या आधी
लोक श्वास सोडतात तो तेवढ्यात.
कोटेशनमध्ये त्याला रकाना नसतो.

पण खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात टाळी नव्हती.
कुमुदिनीताई होत्या.
सराफ बाजारातल्या कुलथे, सत्तरी ओलांडलेल्या.
मोतीबिंदू काढला, उपयोग झाला नाही,
आणि हे ग्रुपमध्ये कुणाला माहीत नाही.
जमिनीवरची खुणेची पट्टी त्यांना दिसत नाही.
त्या उजवा गाल किंचित पुढे करून चालतात.
चार नंबरची ऊब गालाला लागली
की थांबतात,
आणि वाक्य सुरू.

परवाच्या तालमीत, दुसऱ्या अंकात, चार नंबर गेली.
ताई चालतच राहिल्या.
रंगमंचाच्या कडेपर्यंत.
दिग्दर्शक ओरडला, "ताई, बाहेर आलात!"
"भूमिकेतून की काय?" त्या म्हणाल्या.
सगळे हसले.
मी डिमरवर हात ठेवून बसलो होतो,
तो तसाच राहिला.

"भाई, ही पांढरी तापते का?"
"अजिबात नाही. हात लावून बघा, तोच तर फायदा."
मी हात लावून बघितला.
फायदाच होता.

"तीन या द्या. आणि ती जुनी एक."
"ती माळ्यावरची शेवटची. खोका फाटलाय. परत घेणार नाही."
"पावतीवर चार नग लिहा."

रविवार कारंजापाशी सिग्नलला थांबलो,
पुढे डिकीत तीन, छातीशी स्वेटरच्या आत एक.
थंडी अशी की गंगेवरून वारा थेट बाहीत शिरत होता.
लहान पोर घेऊन निघालेल्या माणसासारखी
मी स्कूटर खड्डे टाळत चालवली.

शिडीवर नवा पोरगा, रोहिदास.
"काचेला बोट लावू नको.
बोटाचं तेल राहतं, तिथेच तापून काच फुटते."
"मग पुसायची कशानं?"
"लावायचंच नाही."
त्यानं रुमालातून बसवली, जीभ बाहेर काढून,
सुईत दोरा ओवावा तशी.
उरलेल्या तिघींवर मी अंबरचे कागद चढवले,
लांबून बहिणी वाटाव्यात इतपत.

वहीत लिहिलं: चार नंबर, आजपासून, तीनशे तास.
खाली पेन्सिलीनं:
तालमीला ट्यूबलाइट. ताईंचा प्रवेश सोडून.

संध्याकाळी खजिनदार वाघचौरे आले,
मान वर करून बराच वेळ बघत राहिले.
"चौथी वेगळी का हो?"
स्टेजवर ताई गाल पुढे करून येत होत्या,
एक पाऊल, अजून एक,
मग थांबल्या.

"माळ्यावर एकच होती," मी म्हणालो.
खोटं नव्हतं ते.