लोंबती कड

हीउमा बेटावर जानेवारीत साडेतीनलाच दिवा लागतो.
कार्द्लाच्या दप्तरखान्यात मी
चर्चच्या वह्या तक्त्यांतून सोडवते
आणि जाळ्यात विणते.

तक्त्यात माणसं ओळीने बसायची,
शाळेच्या फोटोतल्यासारखी, हात मांडीवर.
पत्नीच्या रकान्यात एकच पत्नी मावायची,
दुसरी शेऱ्यात, पेन्सिलीने.
आता माणूस म्हणजे गाठ,
आणि गाठींमधून कडा:
याचा मुलगा, त्याच्या होडीवर वल्ह्याला,
हिच्याशी एक अख्खा हिवाळा अबोला.

नियमाला दोन बाजू असतात.
डावीकडे, आहे ते.
उजवीकडे, व्हायला हवं ते.
यंत्र जाळंभर डावी बाजू हुडकतं,
सापडेल तिथे उसवतं, उजवी घालतं.
काल प्रीदिक आणि फ्रीड्रिख एक झाले:
आई एक, जन्मतारीख एक,
मधे फक्त पाद्री बदललेला.
एकाचा बाप, दुसऱ्याची बायको
क्षणात एका घरी.

आज लेइडा आली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची,
कोटाला धुरावलेल्या माशाचा वास.
"एंडेलला काढ," म्हणाली.
"बावन्नच्या मार्चात बर्फावरून पलीकडे निघाला.
तुमच्या कागदावर अजून जिवंत आहे,
एकशे एक वर्षांचा. मला लाज वाटते."

आईची कड काढली. बापाची. होडीची.
मग गाठ काढायला गेले
तर यंत्र अडलं.
एक कड लोंबत राहते, म्हणालं,
तिचं दुसरं टोक कुठे ठेवू?

उघडून पाहिलं.
अडतीस साल, देवीची लस.
लेइडा, वय दोन.
आणणारा: भाऊ.

ती चष्मा पुसत राहिली. बराच वेळ.
"कडेवर," म्हणाली. "सहा किलोमीटर.
परतताना मी रडले म्हणून
त्याने खिशातला सगळा गूळ..." नाही, गूळ नव्हे,
ती काहीतरी दुसरंच म्हणाली,
त्या बेटावरचा शब्द, मला आला नाही,
मी मुख्य भूमीवरची.

"मग त्याचं वय तरी थांबव."

काढलेल्या तिन्ही कडा परत जोडल्या.
नवा नियम लिहिला.
डावीकडे: एक माणूस, एक कड, चालू असलेलं वय.
उजवीकडे: तोच माणूस, तीच कड.
वयाच्या जागी काही नाही.

चालवला.
अख्ख्या जाळ्यात
एकच जागा जुळली.