मुका खांब

देवगडात लोकर कोण विकत घेतं?
जामसंड्याच्या नाक्यावर एक दुकान आहे,
शाळेच्या स्वेटरांच्या उरल्यासुरल्या गुंड्या,
एकच रंग दोनदा मिळेल याची खात्री नाही.
मी करडी घेतली, काठापुरती जांभळी.
दुकानदाराने विचारलं, नातवंडाला का?
म्हटलं, हो.
बायकोला, असं सांगायला काय जात होतं?
पण नाही सांगितलं.

तीस वर्षं मी जाळी विणली.
नायलॉनचा दोरा, आसाचं माप दोन बोटं,
गाठ अशी की मासा मेला तरी सुटायची नाही.
मग कणकवलीला छातीत दोन स्प्रिंगा बसवल्या,
डॉक्टर म्हणाला, आता बोट बंद.
समुद्रातली म्हणायची होती त्याला.
हातावरच्या दहांचं काय करायचं
ते त्याच्या कागदावर नव्हतं.

तारामती पहाटे तीनला निघते,
शेडमध्ये सुंगटं निवडायला.
कोपरापर्यंत बर्फाचा चुरा.
परत आली की चुलीवर मनगटं धरते
भाकरी शेकावी तशी,
आधी पालथी, मग उताणी,
आणि तेवढा वेळ कोणाशी बोलत नाही.

क्रोशाची सुई बालवाडीच्या मोंडकरबाईंनी दिली.
साखळी, खांब, मुका खांब.
मुका का, म्हणून विचारलं
तर म्हणाल्या, तो उंच होत नाही हो,
नुसता धरून ठेवतो.
मला हसू आलं.
का ते बाईंना कसं सांगणार!

ती झोपली असताना सुतळीने मनगट मोजलं.
माझ्या डोक्यात होतं त्याहून
दोन गाठी कमी भरलं.
परत मोजलं. तेवढंच.

पहिला जोड सगळ्या बोटांचा केला.
तिने घातला, मुठी मिटून बघितल्या, काढला.
“बोटां उघडी ठेया.
बोटांनीच माका कळता
खयचा सुंगट मऊ पडला तां.”
उसवला. लोकर गरम पाण्यात घातली, वाळवली,
तरी जुनी वळणं सोडायला तयार नाही.

दुसऱ्यांदा अंगठ्यापाशी अडलो.
तिथं विणायचं नसतं,
सहा साखळ्या हवेतून न्यायच्या
आणि पलीकडची कड पुन्हा पकडायची.
जाळं म्हणजे तरी काय, सगळी भोकंच,
त्यांची कधी भीती वाटली नाही.
या एकाशी हात कापला.
चार वेळा चुकलो. पाचव्यांदा सुई ठेवून
नुसता बंदराकडे बघत बसलो.

जोड घालून ती गेली
आणि दुपारी परत आली तेव्हा ते
खारट पाण्याने दगड झालेले.
“बर्फात ही चलाची नायत,” एवढंच म्हणाली.
धुवून दोरीवर टाकले.
वासाने मांजर दिवसभर खाली बसून,
तिन्हीसांजेला एक ओढून नेला विहिरीमागे.
मी सुई डब्यात टाकली, झाकण लावलं.

परवा पहाटे मतलई सुटला होता.
टेम्पोच्या हौद्यात बायका खेटून उभ्या,
खांबावरच्या दिव्याखाली गाडी वळली तेव्हा दिसलं:
दांडीला धरलेल्या तारामतीच्या हाताला करडं काही,
जांभळ्या काठाचं.
आणि शेजारच्या जुबेदाच्या हाताला दुसरं,
मांजराने दातांनी ओढलेलं, जरा लांबलेलं.
शेडपर्यंतचे तीन मैल.
दारात काढून डब्याच्या पिशवीत ठेवतात म्हणे.
मला कोणी काही बोललं नव्हतं.

काल जुबेदाचा निरोप आला:
हिरवी मिळाली तर बघा,
आणि अंगठ्याला जागा थोडी जास्त,
सुरी लागलीय, पट्टीसकट मावायला हवा.

जामसंड्याला हिरवी नव्हती.
बुधवारी येईल म्हणाला,
आणि पुडी बांधता बांधता विचारलं,
नातवंडं किती हो तुम्हाला?
म्हटलं, टेम्पोभर.