पक्का रंग

कॅसेटवर पेन्सिलीनं आकडा असतो: चारशे बारा.
नाव वेगळ्या कागदावर. ते मी सहसा बघत नाही.
आज बघितलं.
मल्लेशम येमूल, वय एकसष्ट, धंदा माग.
अन्ननलिका, मधला भाग. तुकडे तीन,
ज्वारीच्या दाण्याहून लहान.

मेणाचा ठोकळा बर्फावर निववते,
चार मायक्रॉनचे पापुद्रे काढते,
कोमट पाण्यावर सोडते. सुरकुती पडली तर फेकून दुसरा.
ही खोड घरची. वडील रंगारी होते,
हौदातून लडी काढून उजेडाला धरायचे,
म्हणायचे, धागा ओळख देईल तिथंच रंग बसतो.

इथं हौद म्हणजे काचेवरचा थेंब.
अँटिबॉडी घालायची, तासभर थांबायचं, धुवायचं.
मग तपकिरी उमटतं, ते प्रथिन असेल तिथंच,
बाकी सगळं फिकट निळं, पहाटेच्या सिद्धेश्वर तळ्यासारखं.
मग मोजायचं. शंभरात किती पेशी, किती गडद,
शून्य, एक, दोन, तीन.

चारशे बारा: तीन. शंभरात ऐंशी.

येमूलमामा बाहेर बाकावर.
आमच्याच बोळातले. पंचवीस वर्षं
धोट्याच्या डोळ्यातून तोंडानं धागा ओढला,
लाल तुरट लागतो, हिरवा कडू, असं सांगायचे.
आधी कडक भाकरी अडली,
मग आमटीत चुरलेली, मग भात.
आता पाणी जातं. तेही विचारून विचारून.

"काय बघलालीस गं त्यात?"
"रंग, मामा."
"बसला का पक्का?"
मी मान हलवली.
त्यांचा चेहरा खुलला. पक्का रंग वाईट असतो
हे चादर विणणाऱ्याला कुठल्या तोंडानं सांगू?

सरांच्या टेबलावर एक निबंध आहे, त्यात आलेख.
दोन रेघा एकाच उंचीवरून निघतात.
फिकटवाल्यांची रेंगाळत उतरते,
गडदवाल्यांची भराभर, पायरी पायरीनं.
पायरी म्हणजे कुणीतरी.
सर म्हणतात, एका प्रथिनावर माणूस जोखू नये,
दुसरीकडच्या अभ्यासात उलटंही आलंय.
म्हणतात, आणि निबंध मिटत नाहीत.

रेघेवर मध्ये मध्ये बारीक उभ्या खुणा आहेत.
ती माणसं पुढं तपासणीला आलीच नाहीत.
गेली, की बरी होऊन गड्ड्याच्या जत्रेत फिरतायत,
कागदाला ठाऊक नाही.
मी मामांना तिथं उभं करून बघते.
मग मनातच खोडते,
कारण बुधवारी त्यांनी यायलाच हवं.

रिपोर्टात लिहिलं: गडद, तीन.
पक्का लिहायला रकाना नसतो.

मामा जिना उतरायला लागले, कठडा धरून.
चौथ्या पायरीवर थांबले, बाटली उघडली,
मान वर केली.
मी खिडकीशी, हातमोजे तसेच.
गळ्याची घाटी हलली. थांबली. परत हलली.
उतरला घोट.
बाटलीचं बूच लावलं त्यांनी,
आणि पुढची पायरी.