आतली बाजू

उद्याच्या तासाला पिरॅमिड आहे.
मी धडा मोठ्यानं वाचते,
आणि अण्णा, छिन्न्यांना पाणी पाजून आलेले,
भाकरी मोडता मोडता विचारतात,
"सांधं कसं हायती?"

सुरीचं पातं जात नाही म्हणे.
"मग गडी चांगलं हुतं."
राजाचं नाव ते विचारत नाहीत.

तेवीस लाख दगड, वीस वर्षं, मी सांगते.
ते भिंतीकडे बघत हिशेब करतात.
"दिसाला तीनशे. पाऊसपाणी, लगीनसराई धरून.
आन् पहार निसटून मेला त्याच्या बायकूला?"
तेवढं पुस्तकात नाही.

तेव्हा ते माहुलीला कामावर होते,
कृष्णा-वेण्णेच्या संगमाशी, एका जुन्या समाधीच्या चौथऱ्याला
निखळलेले सात दगड पुन्हा बसवायला.
कंत्राटदार साताऱ्याहून यायचा
आणि मोटरसायकलवरूनच ओळंबा बघायचा.
समाधी कोणाची, विचारलं तर म्हणाले,
"बाईची आसंल. आत गेलं की गार लागतं."

मे महिन्यात मला एका जाड पुस्तकात सापडलं:
राजाच्या दालनावरच्या अंधारात,
जिथं पुन्हा कुणी जाणार नव्हतं,
दगडांवर टोळ्यांनी लाल कावेनं
आपापली नावं लिहून ठेवलीत.
अमक्या राजाचे दोस्त.
तमक्या राजाचे दारुडे.

अण्णा इतके हसले की
छातीतली सगळी खाण खोकून वर आली.
"दारुडं! राजाचं दारुडं!"
मग पाणी प्यायले. मग हळूच,
"आतल्या अंगाला न्हवं?"
हो.
"बराबर हाय. भायेरची बाजू मुकादमाची."

भाद्रपदात ते गेले.
वस्तीमागच्या उतारावर पुरलं,
उशाशी एक, पायाशी एक, न घडवलेला दगड.

मी माहुलीला जाते कधी रविवारी.
ते सात दगड लगेच ओळखू येतात,
बाकीच्यांहून निळे, अजून शेवाळ न धरलेले.
लिहायला येत नव्हतं त्यांना.
गाढव मात्र झकास काढायचे,
चार रेघांत, एक कान वाकडा.
माझ्या पाटीवर, पिठाच्या डब्यावर, कुठंही.

बघायचं तर चौथरा फोडावा लागेल.

मी तळहात टेकते. दगड तापलेला.
पलीकडं कुणी कान हलवत उभं असेल.
नसेलही.