सातवा पाय

दिलवर वळवीने काउंटरवर ठेवला
साबणदाणीएवढा शेंदरी खोका, रंगाचे पोपडे निघालेले.
वर पिळायचे चार कान,
मध्ये बुटाने दाबायचं बटण.
“पेडल आहे ताई. गिटारचा आवाज फाटतो याच्यातून.”
फाटका आवाज शिवायला आणतात माणसं,
हा म्हणतो फाटेनासा झालाय, फाडून द्या.

हाताने दाबला की चालतो.
पायाने दाबला की मुका.
होळीच्या आत सहा सुपाऱ्या,
पहिली धडगावला. शनिवारी.

चार स्क्रू काढले आणि मी शिंकले.
मग दिलवर.
आत बोर्डावर लाल धूळ.
नंदुरबारात या दिवसांत जे उघडाल त्यात ती असते,
पंख्यात, मीटरात,
एकदा तर एका तलाठ्याच्या कानातल्या यंत्रात.
पथारीवर मिरची वाळते, वारा इकडचा.
ब्रश फिरवला, स्पिरिटचा बोळा फिरवला,
वाटलं, झालं.
टेबलावर अंगठ्याने दाबला, चालला.
फरशीवर चपलेने दाबला,
मुका.

मागे खाटेवर आप्पा,
मोतीबिंदू काढून नववा दिवस, हिरवा चश्मा.
वाकायचं नाही, धुराजवळ बसायचं नाही.
“हाई काय शे?”
मी सांगितलं.
“अंगठा लबाड ऱ्हास. पाय खरं सांगस.”

मग मी आवाजाचा माग काढला.
जुन्या टेपचा अँप्लिफायर, त्याला वायर,
वायरला कपॅसिटर, कपॅसिटरला सुई.
दिलवर एकच तार छेडत बसला,
मी जॅकपासून निघाले.
इथे आहे.
रेझिस्टरच्या अलीकडे आहे, पलीकडेही आहे.
आयसीच्या तिसऱ्या पायाशी कुजबुजतो,
पहिल्या पायाशी ओरडतो.
स्विचपर्यंत आहे. पुढेही आहे.
सगळीकडे आहे!
न सापडणारा बिघाड तरी परवडतो,
पण गिऱ्हाइकासमोर तो लाजून लपतो
तेव्हा आपणच खोटे ठरतो.

“काडी ले,” आप्पा म्हणाले.
झाडूची काडी मोडली.
एकेक ठिकाण दाबत गेले,
वैद्य पोट दाबतो तसं. इथे दुखतं? इथे?
स्विचला नऊ पाय.
सातव्याला काडी टेकली आणि आवाज गेला.
उचलली, आला.
भिंगाखाली दिसली
डागाभोवती केसाएवढी चीर,
बांगडीसारखी पूर्ण फिरलेली.
दोन वर्षं, किती हळदींत, किती मांडवांत
याचा बूट नेमका तिथे उतरत होता,
आणि तो ठिपका धरून होता, सुटत होता, परत धरत होता.

जुनं शिसं ओढून घेतलं, नवा डाग दिला.
राळेचा धूर खाटेपर्यंत गेला.
आप्पांनी डॉक्टरांना न विचारता
एक लांब श्वास घेतला.

कानांवर नेलपॉलिशचे ठिपके होते,
दिलवरच्या बहिणीने लावलेले.
गुलाबी हळदीचा, जांभळा होळीचा.
मी पिळले होते सगळे,
ठिपक्याला ठिपका जुळवून परत बसवले.
मग फरशीवर ठेवून
टाचेने हाणला, दहा वेळा.
मला गिटार येत नाही,
पण ते दहाही आवाज माझे होते.

दीडशे सांगितले.
शंभर दिले, पन्नास होळीनंतर.

नंतरच्या एका रात्री पथारीपलीकडच्या मांडवातून
आला तो, जाड, फाटका,
सातव्या पायातून निघालेला.
आम्ही कळण्याची भाकरी खात होतो.
मध्येच तुटला.
घास माझ्या हातातच.
आला. खरखरला. पुन्हा गेला.
आप्पांनी मान तिरकी केली, जरा वेळ तशीच ठेवली.
“तुन्हं नही. वायरनं शे,”
आणि ठेचा मागितला.